मद्रासचं तापमान

फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी खाचा असतात. हरिप्रियाच्या घरी अंडं कधी आलंच नाही, त्यामुळे त्या खाचांवर पहिल्या दिवसापासून तिच्या आईचं राज्य होतं. अम्मा तिथे जे जे जपायचं ते ठेवायची : डोळ्यांत घालायचे थेंब, कापराची डबी, काशीहून आलेल्या गंगेचा लहानसा गडू, कॅमेऱ्याचा न वापरलेला रोल, एकदा तर हरिप्रियाची दहावीच्या परीक्षेची शाई. मद्रासच्या उन्हाळ्यात जपणं म्हणजे थंड ठेवणं. त्या घरात या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली, शहराचं नाव बदललं, फ्रिज बदलला, पण नियम तोच राहिला.

म्हणून मार्चमध्ये अप्पा गेले, आणि तेरावा आटोपून पाहुणे तंजावरला आणि बंगळूरला परतले, तेव्हा हरिप्रियाने पहिलं काम केलं ते हे. स्वयंपाकघराच्या खिडकीतली, गॅसच्या शेजारची, अप्पांची बाटली उचलली आणि अंड्यांच्या खाचेशेजारी, गंगेच्या गडूला टेकवून ठेवली. जाड काचेची, काळ्या झाकणाची बाटली. आत दुधाच्या निवळीसारखं, किंचित निळसर दिसणारं काहीतरी. वर अप्पांच्या अक्षरात नुसता सात हा आकडा. अप्पा निवृत्त झाल्यानंतरही कितीतरी वर्षं तरमणीच्या बाजूला असलेल्या संस्थेत जात. फेब्रुवारीत तिथली त्यांची खोली रिकामी करून द्यावी लागली, तेव्हा पिवळ्या कापडी पिशवीत घालून त्यांनी घरी आणलेली ही एकच वस्तू. पुस्तकं तिथेच वाटून टाकली होती. खिडकीतल्या त्या उन्हात, गॅसच्या झळीत, ती बाटली पाहून हरिप्रियाला वाटलं, अप्पांना वस्तू कुठे ठेवाव्यात ते कधी कळलंच नाही.

मे उजाडला. कत्तिरीचं ऊन सुरू झालं. कत्तिरी म्हणजे मद्रासच्या उन्हाळ्याचे सर्वांत कडक दिवस, पंचांगात लिहिलेले. हरिप्रिया मुलींच्या कॉलेजात इंग्रजी कादंबरी शिकवायची. सुट्टी लागली होती, आणि नंगनल्लूरच्या त्या दोन खोल्यांत वाचण्याखेरीज काही उरलं नव्हतं. ती वाचत होती, पण पान उलटल्यावर आधीच्या पानावर काय होतं ते आठवत नसे. दुपारी फोन वाजला.

"ताई, मी प्राची. सरांची स्टुडंट."

"ओळखलं मा."

प्राची सांगलीची. अप्पांची शेवटची विद्यार्थिनी. सांगलीची मुलगी मद्रासला येऊन मराठीतून पीएच.डी.चे वाद घालते, याचं अप्पांना फार अप्रूप होतं. घरी येऊन सांगत, "आज आम्ही मराठींत भांडलों." तंजावरातून आलेल्या मराठीला घराबाहेर भांडायला कोणी मिळत नाही, ही त्यांची जन्माची तक्रार होती.

"नवीन मशीन सुरू झालं," प्राची म्हणाली. "गुरुवारी पूर्ण दिवस मला दिलंय. सरांनी सात नंबरची बाटली याच मशीनसाठी राखून ठेवली होती. ती घरीच आहे ना?"

"आहे. अगदी जपून ठेवलीय."

"बरं झालं! कुठे ठेवलीय?"

"फ्रिजमध्ये."

हरिप्रियाला वाटलं लाइन गेली.

"हॅलो?"

"कधीपासून?" प्राचीने अगदी हळू विचारलं.

"तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मी येते. आत्ता निघते. ताई, तोपर्यंत तिला हात लावू नका. म्हणजे बाहेर काढून ठेवा. पण हात लावू नका."

"हात न लावता बाहेर कशी काढू मा?"

"काढा हो. हलवू नका, एवढंच."

फोन ठेवून हरिप्रियाने फ्रिज उघडला. दोन महिन्यांत तिने बाटलीकडे पाहिलं होतं ते रोज, दार उघडताना, पण देवाच्या फोटोकडे पाहावं तसं. आता टेबलावर ठेवून नीट पाहिलं. निळसर निवळी कुठेच नव्हती. खाली चुन्याच्या गोळ्यासारखं पांढरं फटक काहीतरी बसलं होतं आणि त्याच्यावर बोटभर स्वच्छ तेल सुटलं होतं. फाटलेल्या दुधाचं होतं तसं. प्राचीने सांगूनही तिने बाटली जराशी कलती केली. वरचं तेल कललं. पांढरं जागचं हललं नाही.

अप्पांच्या हातची शेवटची वस्तू. तिने ती खिडकीतून उचलली होती, ती अप्पांना वस्तू ठेवायचं कळत नाही म्हणून.

प्राची आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. हेल्मेट काढून तिने ते हातातच धरलं आणि टेबलाशी वाकली. बाटलीला स्पर्श न करता चारी बाजूंनी पाहिलं.

"बिघडलं?" हरिप्रियाने विचारलं.

"जमलंय."

"म्हणजे बिघडलं की नाही?"

"थंडीत हे जमतंच, ताई. त्यात नवल नाही. आम्ही मुद्दाम जमवायचो, एखादी रात्र. सकाळी ऊब दिली की परत पहिल्यासारखं." तिने हेल्मेट खाली ठेवलं. "पण दोन महिने कोणी ठेवलं नव्हतं. एवढं खाली दबलेलं मी पाहिलेलं नाही. परत येईल का, आणि आलं तरी पूर्ण येईल का, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"दुसरं करता येणार नाही?"

"करता येईल. पण ते आठ नंबरचं होईल." प्राची खुर्चीत बसली. "तीन वर्षांचं सगळं मोजमाप सातवर आहे. हळू फिरवलं तर किती घट्ट, जोरात फिरवलं तर किती सैल. जुनं मशीन एका वेगाच्या पुढे जायचंच नाही. सर म्हणायचे, त्याच्या पुढे गंमत आहे. तिथे हे पुन्हा घट्ट व्हायला लागेल, बघ. कुठे व्हायला लागेल तेही त्यांनी सांगून ठेवलंय. फक्त तेवढाच तुकडा राहिलाय. आणि जूनअखेर माझी फेलोशिप संपते."

हरिप्रिया उठली. आत जाऊन तिने कॉफी केली. घरात काही बिघडलं की अम्माही आधी कॉफी करायची. ती घेऊन बाहेर येते तोच पंखा थांबला आणि कोपऱ्यावरून ट्रान्सफॉर्मरचा धप्प आवाज आला.

"लाइट गेली," प्राची म्हणाली.

"करंट गेला," हरिप्रियाने सवयीने दुरुस्त केलं, आणि दोघींना एकदम हसू आलं. अप्पा प्राचीची मराठी अशीच मद्रासच्या वळणावर आणत. घरात हसण्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी झाला. हरिप्रियाने कॉफीचा टंबलर खाली ठेवून पदराने मान टिपली.

करंट गेला की जिन्यावरून कनकामामी येणार हे ठरलेलं. खालच्या मजल्यावरच्या या मामींनी अप्पांच्या शेवटच्या आजारात, म्हणजे त्या एका सकाळी, रिक्षा, डॉक्टर आणि शेजार एकटीने हलवला होता, आणि नंतर महिनाभर रोज ताकभात वर पाठवला होता. त्या आल्या त्या हातात आंब्यांचं ताट घेऊनच.

"अंधारात बसू नका गं पोरींनो," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. भर दुपार होती. मग त्यांची नजर टेबलावर गेली. "हे काय, खोबरेल गोठलंय?"

प्राचीने मोडक्या तमिळमध्ये कसंबसं सांगितलं की खोबरेल नाही, पण प्रकार साधारण तोच.

"मग उकळत्या पाण्यात धर. बाळाची दुधाची बाटली धरतात तशी. माझ्याकडे गॅसवर पाणी आहेच."

"नको मामी, कडेला एकदम तापेल आणि मध्ये थंडच राहील. मग गुठळ्या होतात. आणि गुठळी झाली की झाली." प्राची हरिप्रियाकडे वळून मराठीत म्हणाली, "संस्थेत त्यासाठी कोमट पाण्याची टाकी आहे. पण स्कूटीवर या रस्त्यांनी, अशा अवस्थेत नेववत नाही मला."

"तुमचं शिक्षण फार झालंय," मामींनी निकाल दिला. "आंबे खा. उद्या काळे पडतील." आणि बाटलीकडे पुन्हा एकदा पाहून, आवाज उतरवून, "रावांचं आहे ना, हिच्या अप्पांचं? मग येईल परत. त्यांची कुठली वस्तू वाया गेलेली मी पाहिली नाही," असं म्हणून खाली गेल्या.

दोघींनी आंबे खाल्ले. कापलेले नव्हे, चोखायचे. बशीत कोयी राहिल्या, आणि हरिप्रिया त्यांच्याकडे बघत बसली.

"काय झालं ताई?"

"अप्पांनी तुला कोयींचं सांगितलं होतं?"

"कोयींचं? नाही."

हरिप्रिया उठली, पाण्याचं काचेचं भांडं घेऊन आली आणि चोखलेल्या दोन कोयी त्यात सोडल्या. चिकटून बसलेले धागे पाण्यात हळूहळू सुटले, उभे राहिले, दोन्ही कोयींभोवती पिवळसर केसांचं वलय झालं. तिने एक कोय दुसरीकडे ढकलली. केस केसांना लागले, आणि कोयी एकमेकींपासून जराशा अंतरावर थांबल्या.

"सर हे करायचे?" प्राची पुढे झुकली.

"दर मे महिन्यात. अम्मा ओरडायची, उष्ट्याला काचेचंच भांडं का लागतं म्हणून. मी सात-आठ वर्षांची असेन. म्हणायचे, आमच्या तेलातले कण असे केसाळ आहेत मा. कोय उघडी असली तर दुसऱ्या कोयीला चिकटेल आणि कधी सुटणार नाही. केस आहेत म्हणून जवळ जाऊनही मोकळे राहतात. म्हणून सगळं मिळून वाहतं." ती थांबली. "मग कोयी बाहेर काढायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. केस पडायचे. दोन्ही एकमेकींना चिकटायच्या."

"तेच झालंय आत," प्राची बाटलीकडे बोट करून म्हणाली. "थंडीत केस आखडतात. तेल त्यांना नकोसं होतं, ते एकमेकांना धरून बसतात. ऊब मिळाली की पुन्हा उभे राहतात. म्हणून तर सरांच्या खोलीला एसी नव्हता! लोक यायचे, घामाने भिजायचे आणि विचारायचे, सर, हे काय? सर म्हणायचे, मद्रासचं तापमान. एकदा परदेशातल्या एका लॅबने नमुना मागवला. महिन्याने त्यांचं उत्तर आलं, तुमचा नमुना घट्ट झालाय, खराब निघाला. सरांनी उलट लिहिलं, नमुना उत्तम आहे, तुमची खोली खराब आहे."

हरिप्रिया हसली, आणि हसता हसता तिची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. गॅसच्या शेजारी, उन्हाच्या तोंडावर, रिकामी जागा. घरातली सर्वांत उबदार जागा. अप्पांनी ती शोधून काढली असणार. सगळ्या खोल्यांतून फिरून, हात लावून लावून.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं. "सांग, मी करते."

"सावकाश ऊब हवी. सगळीकडून सारखी. आणि फिरवत राहायचं, अगदी हळू. हिसका नको. संस्थेत एक फिरता रूळ आहे त्यासाठी. पण सर तो वापरायचे नाहीत. काय करायचे कोण जाणे, संध्याकाळी बाटली घरी न्यायचे आणि सकाळी निवळलेली आणायचे."

हरिप्रियाने हात पुसले. टेबलावरून बाटली उचलली, दोन तळव्यांच्या मध्ये आडवी धरली आणि फिरवू लागली. एक तळवा पुढे, एक मागे. देवळात बसून वाती वळणाऱ्या बायका वळतात तशी, पण त्याहून कितीतरी हळू.

"हे करायचे," ती म्हणाली.

तिला ते इतकं जवळचं होतं की त्याचा काही अर्थ असेल असं कधी वाटलंच नव्हतं. रेडिओवर कचेरी लागलेली, म्हणजे गाण्याची मैफल, अप्पा वेताच्या खुर्चीत, मांडीवर धोतरासारख्या वेष्टीच्या घोळात बाटली, आणि तळवे चाललेले. ती मांडीवर चढायला गेली की, "आत्ता नको मा, बाटली आहे." अम्मा स्वयंपाकघरातून ऐकवायची, "या माणसाला दोन मुली. एक काचेची." पुढे मोठेपणी हरिप्रियाने ते वाक्य मैत्रिणींना विनोद म्हणून सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी सांगून झाल्यावर ते थोडंसं टोचलं होतं.

पण आणखी एक संध्याकाळ होती. ती तिने कोणालाच सांगितली नव्हती.

"अम्माचं ऑपरेशन होतं," ती प्राचीला म्हणाली. तळवे चालू होते. "मी दहा वर्षांची. मला दवाखान्यात येऊ दिलं नाही. शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. संध्याकाळी अप्पा आले, मला घरी आणलं. मी विचारलं, अम्मा कशी आहे? ते काही बोलले नाहीत. पिशवीतून बाटली काढली, अशीच पांढरी, आणि माझ्या हातांत दिली. म्हणाले, धर. हालवूं नकोस. नुस्ती धर."

"मग?"

"मग आम्ही गॅलरीत बसलो. त्यांनी माझ्या हातांवर हात ठेवून कसं फिरवायचं ते दाखवलं आणि हात काढून घेतला. खूप वेळ. मी रडत होते, पण बाटली होती म्हणून डोळे पुसता येत नव्हते. मग ते पुसायचे, त्यांच्या अंगवस्त्राने. अंधार पडायच्या आधी ती निवळली. तेव्हा म्हणाले, बघ, तुझ्या हातांनी झालं. उद्या अम्माला सांगूं."

बाहेर बर्फगोळेवाल्याची घंटा गेली.

"मला इतकी वर्षं वाटायचं, त्या दिवशी अप्पांना माझ्याशी काही बोलता आलं नाही," हरिप्रिया म्हणाली. तिने बाटली प्राचीच्या तळव्यांत ठेवली.

मग पाळी लावली. हरिप्रियाचे हात दुखले की प्राची घ्यायची, प्राचीचे घामेजले की हरिप्रिया. पंखा नसल्याने खोली भट्टीसारखी झाली होती, आणि जन्मात पहिल्यांदा हरिप्रियाला करंट नसल्याचं बरं वाटलं. प्राची सांगत राहिली. सर दुपारी डबा खाताना मुळा बाजूला काढून ठेवत. नमुना जुना झाला की त्याला आधी जोरात फिरवून त्याचं आधीचं सगळं विसरायला लावावं लागतं, तरच मोजमाप खरं येतं, पण सर आधी हळू फिरवून बघत. म्हणत, त्याला काय आठवतंय ते ऐकूं या, मग विसरायला लावूं. एकदा प्राचीचा महिनाभराचा नमुना तिच्या हातून फुटला आणि ती रडायला लागली, तेव्हा सरांनी फरशी पुसायला फडकं आणलं आणि स्वतः खाली बसून पुसता पुसता म्हणाले, "फरशी किती गुळगुळीत झाली बघ."

हरिप्रिया ऐकत होती. हे अप्पा तिने पाहिले नव्हते, आणि तरी प्रत्येक गोष्टीत ते ओळखू येत होते. तिच्या वाट्याचे जितके होते तितकेच बाहेरही होते, आणि ते सगळे या मुलीने सांभाळून घरी आणून दिले होते. एखाद्याने आपल्या घरातली विसरलेली भांडी घासून परत करावीत तसे.

"ताई, थांबा. कलती करा."

हरिप्रियाने बाटली कलती केली. पांढरं कडेने सरकलं. सबंध नाही, एक थर, साय सरकते तसा. प्राचीने ओठ घट्ट मिटले. "चालू ठेवा."

वरचं तेल आणि खालचं पांढरं यांच्यातली रेघ आधी पुसट झाली, मग नाहीशी झाली. पांढऱ्याचं दुधाळ झालं. दुधाळातून आधी प्राचीच्या ओढणीचा रंग दिसायला लागला, मग तिच्या बोटांच्या रेषा. कडेला एक पांढरं वळं मात्र काचेला धरून राहिलं होतं. हरिप्रियाने तिथे अंगठा टेकवला आणि तसाच ठेवला. खूप वेळ. तिने अंगठा उचलला तेव्हा तिथे काही नव्हतं.

प्राचीने झाकण उघडलं. रॉकेलसारखा पुसट वास आला, अप्पांच्या शर्टांना यायचा तो. हरिप्रियाने मान वळवली. प्राचीने काचेची काडी बुडवून वर उचलली. काडीवरून एक धार सुटली, अखंड, बारीक, आणि कुठेही न अडखळता आत पडली.

"गुठळी नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

संध्याकाळी करंट आला. बाटली खिडकीत, गॅसशेजारी गेली. हरिप्रियाने तिच्या बाजूला दोन विटा लावल्या, वारा लागू नये म्हणून.

गुरुवारी प्राची तिला घ्यायला आली, पण स्कूटीवर नव्हे, रिक्षाने. "तुम्ही चला ना," ती म्हणाली. "मशीन पाहाल." हरिप्रिया बाटली मांडीवर धरून बसली आणि रिक्षावाल्याला तिने रस्ताभर इतक्या वेळा सावकाश म्हटलं, की त्याने शेवटी मागे वळून विचारलं, "पोटुशी कोण आहे, तुम्ही की त्या?"

अप्पांची जुनी खोली ओळखू येत नव्हती. भिंती पांढऱ्या, जमीन नवी, आणि दार उघडताच अंगावर थंडगार झोत आला. मशीनला तशीच हवा लागते, तिथल्या माणसाने सांगितलं. एसी बंद करता येणार नाही, वॉरंटीत बसत नाही.

प्राचीचा चेहरा उतरला. "मशीनच्या चकत्या आम्ही गरम ठेवू. तिथे मद्रासचं तापमान लावता येतं. पण बाटली? या गारठ्यात राहिली तर तासाभरात जमायला लागेल. प्रत्येक वेळी थोडं थोडं घ्यायचंय."

हरिप्रियाने पिशवी खाली ठेवली. बाटली दोन्ही तळव्यांत घेतली. "मी आहे की. तुला लागेल तेव्हा माग."

आणि ती भिंतीशी उभी राहिली. स्टूल दिलं तेव्हा बसली. प्राची यायची, झाकण उघडून थोडंसं घ्यायची, दोन चकत्यांमध्ये ठेवायची, आणि मशीन फिरायला लागायचं. पडद्यावर एकेक ठिपका उमटायचा, घट्ट तितका वर, सैल तितका खाली. हरिप्रियाला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण प्राची मोठ्याने सांगत होती, अप्पा सांगायचे तसं. हळू फिरतंय, म्हणून घट्ट. आता वेग वाढवला, कण एकामागे एक वाट काढतायत, सैल झालं. अजून सैल. इथपर्यंत जुनं मशीन पोचायचं. हे ठिपके जुन्या ठिपक्यांवर बसतायत, ताई, बघा, तंतोतंत बसतायत. दोन महिन्यांचं काही राहिलेलं नाही.

हरिप्रियाने मान डोलावली. बाटली तिने पदराच्या आत घेतली होती. एसीने पाठ गार पडली होती, आणि हातांत मात्र ऊब होती. कोणाची कोणाला मिळत होती ते सांगता आलं नसतं.

"आता पुढचं," प्राची म्हणाली.

मशीनचा आवाज बारीक, चढा झाला. ठिपके सपाट चालले. एक, आणखी एक. प्राची पडद्याच्या एका जागेवर बोट ठेवून उभी होती. "सर म्हणाले होते इथे," ती पुटपुटली. "एवढ्या घाईत केसांना बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, एकमेकांवर दाटतात, मग इथे..."

ठिपका वर आला. त्याच्यापुढचा आणखी वर.

"चढलं!" प्राची ओरडली. शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं. "ताई, चढलं! बोटाखालीच!" ती धावत आली, मिठी मारायला हात पसरले, आणि बाटली पाहून तशीच थांबली.

"आत्ता नको मा," हरिप्रिया म्हणाली, "बाटली आहे."

म्हणून झाल्यावर ते कोणाचं वाक्य होतं ते तिच्या लक्षात आलं. प्राचीने ओढणीचं टोक घेतलं आणि तिचे डोळे पुसले.

तेच मोजमाप पुन्हा करायचं होतं, आणि पुन्हा. एकदा आलं ते खरं मानायचं नाही, ही सरांची शिस्त. दुपार झाली, कनकामामींनी दिलेला ताकभात प्राचीने तिला चमच्याने भरवला, कारण हात मोकळे नव्हते.

"थिसिसमध्ये आभार मानायचे असतात," प्राची म्हणाली. "सरांचं पान मी आधीच लिहिलंय. तुमचं काय लिहू?"

"लिही, बाटली धरली."

"एवढंच?"

"तेवढंच काम होतं मा."

प्राची उठून मशीनकडे गेली. हरिप्रियाने तळवे जरा हलवले, एक पुढे, एक मागे. आत निळसर निवळी सावकाश कलली आणि परत आली. तिच्यातून बोटं दिसत होती. अजून बरीच शिल्लक होती, दिवस मावळेपर्यंत पुरेल इतकी.